दगड उन्हानं तडकतो की पाण्यानं कुजतो?

खारघरहून एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांची सोसायटी डोंगराच्या पायथ्याला आहे आणि मागे डोंगर कापून केलेली तीन-चार मजले उंच दगडी भिंत आहे. त्या भिंतीतून कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटून खाली पडतात, आत काळा गोटा उरतो. मुलगी नववीत आहे. तिला वर्गात विदारणाचे, म्हणजे खडक जागच्या जागी फुटण्या-कुजण्याचे, प्रकार शिकवले. पापुद्रे सुटण्याला 'अपपर्णन' म्हणतात आणि ते ऊन-थंडीमुळे होतं, असं तिनं वहीत लिहून घेतलंय. तर आमच्या मागे चाललंय ते हेच का, वहीतले बाकीचे प्रकार आपल्याकडे खरंच घडतात का, आणि भिंतीची काळजी करायची का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी थेट उत्तर देतो, मग फाटे फोडतो. तुमच्या भिंतीत चाललंय त्याला गोलाभ विदारण म्हणतात. दिसायला ते अपपर्णनासारखंच, पण ते उन्हाचं काम नाही, पाण्याचं आहे. म्हणजे मुख्यतः रासायनिक. आणि काळजीचं म्हणाल, तर कांदे सुटतायत याची फार करू नका. त्या कांद्यांच्या मागे पाणी अडतंय का, याची करा.

इमारतींच्या पायासाठी बोअर घेऊन खाली काय आहे ते सांगणं, हा माझा तीसेक वर्षांचा धंदा. भूगर्भशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं हिमालयात फिरू. प्रत्यक्षात आयुष्य ठाण्याचा घोडबंदर रोड ते नवी मुंबईतलं उलवे या पट्ट्यात गेलं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते याच पट्ट्याच्या नजरेतून.

आपला डोंगर बेसाल्टचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, निवताना आकसले आणि आकसताना तडकले. या तडकांना आम्ही सांधे म्हणतो. उभे-आडवे सांधे एकमेकांना छेदतात तिथे दगडाचे आपोआप ठोकळे पडलेले असतात. पावसाचं पाणी सांध्यांतून खाली उतरतं आणि ठोकळ्याला सगळीकडून वेढतं. सपाट बाजूवर ते एका अंगानं लागतं, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे आधी जातात, मग कडा, आणि चौकोनी ठोकळ्याचा गोटा होतो. न्हाणीघरात ओली राहिलेली साबणाची वडी आठवा. पापुद्रे सुटण्याचं कारण त्याच्याही पुढचं आहे. बाहेरच्या सालीतल्या खनिजांची माती होते, लोह गंजतं. या नव्या मातीला, विशेषतः पाणी पिऊन फुगणाऱ्या स्मेक्टाइटला, जागा जास्त लागते. साल फुगते, आतला ताजा दगड फुगत नाही, दोघांमध्ये चीर पडते. त्या चिरेतून पाणी आणखी एक पाऊल आत जातं आणि पुढची साल धरतं.

मुलीला घेऊन एक गोटा फोडून बघा. भिंतीखाली जाऊ नका, बाजूला पडलेला उचला, आणि दोघांनीही डोळ्यांवर चष्मा लावा. बाहेरची पिवळट तपकिरी साल नखानं खरवडली तरी निघते. तिच्या आतली करडी साल नखाला दाद देत नाही, पण चाकूनं ओरखडते. मग गंजाची एक तांबूस रेघ लागते, जेमतेम पेन्सिलीच्या रेघेएवढी. आणि तिच्या आत निळसर काळा दगड, त्यावर चाकू ओढला तर दगडाला काही होत नाही, उलट पात्याचंच लोखंड चकचकीत रेघेसारखं दगडावर उतरतं. हातोडीचा आवाजही ऐका. गाभ्यावर 'खण्ण', सालीवर 'भद्द'. आम्ही साइटवर अर्धा निर्णय या आवाजावर घेतो, उरलेला अर्धा प्रयोगशाळा देते.

आता उन्हाबद्दल. मे महिन्यात दुपारी काळ्या कातळावर तळहात टेकवला तर चटका बसतो. त्यावर वळवाची पहिली सर पडली की वाफ निघते. त्यामुळे दगड उन्हानं तडकतो हे सांगायला आणि पटायला सोपं जातं. १९३६ साली डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं हे तपासूनच पाहिलं. ग्रॅनाइटचा तुकडा घेतला आणि सुमारे ११० अंशांच्या फरकानं तो तापवत-निववत राहिला, एकूण ८९,४०० वेळा. दिवसाला एक फेरी धरली तर हा २४४ वर्षांच्या ऊन-थंडीचा हिशेब. सूक्ष्मदर्शकाखाली दगड होता तसाच. मग त्यानं निववताना कोरड्या हवेऐवजी पाण्याचा फवारा वापरला, आणि अडीच वर्षांच्या हिशेबाइतक्या फेऱ्यांतच पृष्ठभागावर चिरा दिसू लागल्या. या प्रयोगावर पुढे आक्षेप आले: तुकडा लहान होता, चहूबाजूंनी मोकळा होता, डोंगरात जखडलेल्या कातळातले ताण वेगळे असतात. आक्षेप रास्त आहेत, वाळवंटात उन्हाचा वाटा असतोच. पण आपल्याकडे चार महिने भिजणाऱ्या डोंगराच्या पोटात, जिथे दिवस-रात्रीचा फरक हातभर खोलीवरच विरून जातो, तिथले गोटे उन्हानं सोलले जातात असं मला म्हणवत नाही. शिवाय साधा पुरावा समोर आहे. पायासाठी आठ-दहा मीटर खोल खड्डा घेतला की त्याच्या तळाशीही असेच कांदे सापडतात. तिथे कुठलं ऊन?

उष्णतेचं खरं काम आपल्याकडे बघायचं असेल तर वणवा गेलेल्या डोंगरावर जा. उन्हाळ्यात खारघरच्या आणि येऊरच्या डोंगरांवर गवत पेटतं. नंतर उघड्या दगडांवरून बशीसारख्या पातळ चकत्या सुटलेल्या दिसतात, बाहेरून काजळी आणि आतून स्वच्छ ताजा दगड. सालीचा पिवळेपणा नाही, माती नाही, गंज नाही. म्हणजे दगडाचा पदार्थ बदललेला नाही, फक्त तुकडा पडलाय. कायिक आणि रासायनिक यांतला फरक मुलीला शिकवायचा तर ही चकती आणि तुमच्या भिंतीतली साल शेजारी ठेवा, त्यापेक्षा जास्त काही सांगावं लागणार नाही.

दहिवराचं विदारण ठाण्याला नाही, विषय संपला. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि चिरेत पाचरीसारखं काम करतं, पण त्यासाठी तापमान शून्याच्या वर-खाली पुन्हा पुन्हा जावं लागतं. लडाख, लाहौल इथली डोंगरउतारावरची अणकुचीदार दगडांची रास त्यातून तयार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण पडल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, तेवढ्यानं कातळ फुटत नाही.

मीठ मात्र आपल्याकडे काम करतं आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. खाडीकाठच्या बांधाचे दगड नीट पाहिलेत तर भरतीच्या रेषेखालचा दगड बरा असतो, रेषेच्या जरा वरचा, जिथे तुषार उडतात आणि वाळतात तो, खरबरीत होऊन त्याची पूड सुटत असते. पाणी उडून जातं, मीठ छिद्रात उरतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि छिद्राच्या भिंती ढकलतात. घारापुरीच्या लेण्यांचा दगडही याच खाऱ्या हवेत उभा आहे. जुन्या घरांच्या भिंतीला तळाशी लोणा लागून गिलावा फुगतो, तेच हे. तुम्ही खाडीपासून लांब, डोंगरात आहात, तुमच्याकडे हा प्रश्न नाही.

दाबमुक्ती तुमच्याकडे आहे, आणि ती माणसानं आणलेली आहे. डोंगराच्या आत दगड चहूबाजूंनी दाबलेला असतो. समोरचा भाग कापून नेला की उघड्या बाजूला तो किंचित सैलावतो आणि कापलेल्या तोंडाला समांतर सांधे उघडतात. त्यात कापताना सुरुंग लावले असतील तर स्फोटाच्या चिरा वेगळ्या. पारसिकच्या डोंगरावर जुन्या दगडखाणींची तोंडं बघा, भोकं पाडलेल्या उभ्या खाचा अजून दिसतात आणि त्यांच्यापासून निघालेल्या चिरा पंजासारख्या पसरलेल्या असतात. अशी चीर दगडाला लगेच पाडत नाही. ती पाण्याला वाट करून देते, आणि पुढचं काम पाणी निवांत करतं. म्हणून वहीतले प्रकार वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असले तरी भिंतीत ते एकामागून एक हजेरी लावतात: आधी दाबमुक्ती, मग पाणी, मग गंज, मग मुळं.

पाणी नेमकं करतं काय? पाऊस पडतानाच हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो. स्वच्छ हवेतल्या पावसाचा पीएच ५.६ च्या आसपास असतो. तो मातीत मुरला की खरी धार येते, कारण मुळं आणि जिवाणू श्वास टाकत असतात आणि मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट असतो. बेसाल्ट मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचा; हे सौम्य आम्ल फेल्डस्पारमधलं कॅल्शियम आणि सोडियम, पायरॉक्सिनमधलं मॅग्नेशियम धुऊन नेतं. मागे उरते चिकणमाती. याला जलअपघटन म्हणतात, आणि बेसाल्टच्या प्रदेशात सगळ्यात मोठं काम याचंच. लोह कुठे जात नाही, ते जागीच ऑक्सिजन घेऊन पिवळं किंवा तांबडं होतं. पुस्तकं याला 'भस्मीकरण' म्हणतात. मला हा शब्द कधी पटला नाही, जळत काहीच नाही, सरळ गंज म्हणावं. आणि कार्बनन म्हणून चुनखडकाच्या गुहांची उदाहरणं देतात, ती मेघालयात बघायची, आपल्या दगडात तशी गुहा होत नाही.

बेसाल्ट इतक्या सहज का कुजतो, त्याचं उत्तर १९३८ साली गोल्डिच या भूशास्त्रज्ञानं मांडलेल्या क्रमात आहे. जी खनिजं तप्त लाव्हात सगळ्यात आधी जमतात, ती पृष्ठभागावर सगळ्यात आधी मोडतात. भट्टीची सवय असलेल्याला पावसाळी हवा सोसत नाही, असं समजा. ऑलिव्हिन हे खनिज पहिलं जातं. पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर ऑलिव्हिनच्या जागी लालसर तपकिरी डाग दिसतात, आकार जुना आणि माल नवा. मग पायरॉक्सिन, कॅल्शियमवाला फेल्डस्पार. सगळ्यात टिकाऊ क्वार्ट्झ, आणि ते आपल्या बेसाल्टमध्ये जवळपास नसतंच. म्हणून ग्रॅनाइट कुजला की वाळू उरते, आपला दगड कुजला की माती. खाडीतल्या ज्या काळ्या मऊ चिखलात नवी मुंबईतल्या इमारतींच्या पाइल, म्हणजे पायाचे खांब, खोलवर न्याव्या लागतात, त्यातलं बरंचसं भरणं याच डोंगरांच्या मातीचं आहे.

यात आपलं हवामान भर घालतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो, आणि ठाण्याला वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऊब, ओल आणि वर मातीचं झाकण. जून ते सप्टेंबर आपल्या डोंगरांचं मोदकपात्र झालेलं असतं.

पण एक गोष्ट मला कायम खुणावते. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांचं, याच काळ्या दगडाचं. साडेनऊशेहून अधिक पावसाळे खाऊनही त्यावरच्या मूर्ती ओळखू येतात. नाकं-बोटं बोथटली, कडा गेल्या, शेवाळलंय, तरी दगड दगडच आहे. आणि तसाच दगड जमिनीत ओल्या मातीखाली गाडलेला असेल तर कुदळीनं खणता येईल असा मुरूम होऊन बसतो. दोन्हीकडे पाऊस तोच. फरक एवढाच, की मंदिरावरून पाणी वाहून जातं आणि जमिनीत ते थांबतं. थांबलेलं पाणी. माझ्या सगळ्या धंद्याचा सारांश विचाराल तर हे दोन शब्द.

जैविक विदारणात पिंपळाचं नाव पहिलं येतं आणि ते बरोबर आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं बी चिमूटभर मातीत रुजतं, केसासारखं मूळ चिरेत शिरतं आणि मग जाड होत जातं. पण त्याआधीचा एक कामगार आपल्या स्वयंपाकघरात असतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाल आणि बुरशी यांची जोडगोळी. तिच्या भाऊबंदांचे करडे-हिरवट चट्टे येऊरच्या कातळांवर जागोजागी दिसतात. ती सेंद्रिय आम्लं सोडते, दगडाच्या कणांत धागे घालते आणि ओली-सुकी होताना फुगून-आकसून कण उचकटते. खोली काही मिलिमीटर, पण पिंपळाच्या बीला लागणारी चिमूटभर माती अशीच तर तयार होते.

माझी एक फजिती सांगतो, कारण तुमच्या कांद्यांशी तिचा थेट संबंध आहे. नव्वदच्या दशकात घोडबंदर रोडला उंच इमारती यायला लागल्या होत्या. एका साइटवर नऊ मीटरवर हार्ड, म्हणजे टणक खडक, लागला. बोअरमधून निघालेले दगडाचे दंडगोल, म्हणजे कोअर, ज्या पेटीत ठेवतात त्या कोअर बॉक्समध्ये काळेभोर, सलग, खणखणीत तुकडे. दीड मीटरच्या रनमध्ये, म्हणजे एका खेपेच्या कोअरमध्ये, दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज नव्वद टक्क्यांच्या वर, म्हणजे आरक्यूडी, खडकाच्या सलगपणाचं माप, उत्तम. पाऊस तोंडावर, बोअर घेणाऱ्या रिगवाल्याची पुढची साइट खोळंबलेली. मी म्हटलं, झालं, उचला. पुढे पाइल घेताना खडक फोडणारी चिझल त्या 'खडका'तून आरपार भसकन खाली गेली आणि वर पिवळा मुरूम यायला लागला. आम्ही खडक म्हणून नोंदवला तो एक गोटा होता, चांगला पुरुष-दीड पुरुष नसला तरी दीड मीटरहून थोडा जाड, मुरुमात पुरणासारखा बसलेला. पाइल लांबल्या, खर्च वाढला, शिव्या मी खाल्ल्या आणि त्या माझ्याच होत्या. नंतर कोअर बॉक्स पुन्हा उघडून बसलो. शेवटच्या तुकड्याच्या खालच्या टोकाला तांबूस झाक होती. खडकात खाली जावं तसा गंज कमी व्हायला हवा, इथे तो वाढत होता. खूण समोर होती, मी वाचली नाही. तेव्हापासून हार्ड लागल्यावर किमान तीन मीटर, शंका आली तर पाच, कोअर काढल्याशिवाय मी रिग हलू देत नाही. कागदावर आम्ही विदारणाच्या सहा पायऱ्या लिहितो, पहिली ताजा खडक, सहावी माती. पण त्या जिन्यासारख्या क्रमानं खाली लागतील असं निसर्गानं कुणाला लिहून दिलेलं नाही.

हवामान बदललं की त्याच दगडाचं काय होतं, हे बघायला लांब जायला नको. नेरळहून माथेरान चढा. वर पायाखाली तांबडी माती आणि जांभा. भरपूर पाऊस, पाण्याचा चांगला निचरा आणि अफाट काळ मिळाला की सिलिकासुद्धा धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं उरतं. जांभ्याची गंमत म्हणजे तो ओला असताना कापता येतो आणि हवेवर वाळला की कठीण होतो. आता घाट ओलांडून देशावर उतरा. पाऊस कमी, निचरा मंद, विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथेच घुटमळतं, आणि त्याच बेसाल्टची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन होते. तोच दगड, एकीकडे जांभा आणि एकीकडे कापसाची काळी. मधल्या पट्ट्यात आपण, आपला मुरूम.

आता तुमच्या भिंतीकडे येतो. कांदे सोडा. भिंतीत विटकरी लाल रंगाचा आडवा पट्टा आहे का ते बघा, वीतभर असेल किंवा कमरेएवढा. त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. लाव्हाचा एक थर आला, त्याचा माथा उघड्यावर कुजून माती झाली, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली, आणि मग वरून पुढचा तप्त थर येऊन ती भाजली गेली. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं विदारण तिथे सँडविचमधल्या चटणीसारखं जपलेलं आहे. त्याचा मुठीएवढा सुका तुकडा पाण्याच्या बादलीत टाका. आधी बुडबुडे येतात, मग कडांवरून भुगा गळायला लागतो, आणि चहा घेऊन येईपर्यंत तळाला लाल चिखल. गंमत अशी, की कायम ओला असलेला तुकडा इतक्या लवकर मोडत नाही; आधी सुकवून मग भिजवला की मोडतो. डोंगराच्या पोटात तो कधी सुकत नव्हता. तुमची भिंत कापली आणि दर मे महिन्यात तो सुकायला लागला, दर जूनमध्ये भिजायला. असा पट्टा दरवर्षी थोडा आत खाल्ला जातो आणि त्याच्यावरचा टणक काळा थर छज्ज्यासारखा अधांतरी राहतो. मग तो एके दिवशी येतो, अख्खा, आणि तो दगड अगदी ताजा, खणखणीत असतो. लोक म्हणतात चांगला दगड कसा पडला. दगड चांगलाच होता, बैठक गेली.

दुसरी खूण पांढऱ्या स्फटिकांची. दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं असतात, काही दिसायला सुंदर आणि टिकाऊ. त्यातलं लॉमोंटाइट मात्र उघड्यावर आलं की अंगातलं पाणी गमावून भुसभुशीत होतं. भिंतीतल्या एखाद्या पट्ट्यातून पांढरी पूड गळत असेल तर तो भाग जरा संशयानं बघावा.

आणि आता जे सांगतो ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा. भिंतीवर सरसकट सिमेंटचा लेप मारू नका. एका सोसायटीत मला बोलावलं होतं, ठेकेदारानं भिंत जाळी मारून, काँक्रीट फवारून गुळगुळीत करून दिली होती. दिसायला देखणी. पाणी निघायला एकही भोक ठेवलं नव्हतं. वरून येणारं पाणी लेपामागे साठलं, आणि तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात जुलैत एका रात्री खोलीभर आकाराची खपली मुरमासकट खाली आली. नशीब, खाली फक्त स्कूटर होत्या. लेप वाईट नसतो, बंदिस्त लेप वाईट असतो. जाळी, रॉक बोल्ट (दगड आतल्या खडकाला जखडणारे लोखंडी गज), फवारलेलं काँक्रीट हे सगळं लागू शकतं, पण आधी भिंतीच्या माथ्यावर पाणी बाजूला वळवणारी पक्की चर, मग भिंतीत आतवर निचऱ्याची भोकं, आणि मग बाकीचं. पैसे कमी असतील तर फक्त चर करा. वर्षानुवर्षं पाहिलंय, चांगली चर असलेल्या ओबडधोबड भिंती टिकतात.

सुटे दगड पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, दोरावर काम करणाऱ्या माणसांकडून पाडून घ्या. वॉचमनला पहार देऊन वर चढवू नका. भिंतीत पिंपळ-उंबराचं रोप बोटभर असताना मुळासकट काढा. मनगटाएवढं झालं असेल तर उपटू नका, मुळानं उचललेला दगड त्याच मुळानं धरलेलाही असतो. आधी जाणकाराला दाखवा. आणि पायथ्याला जागा काढायला म्हणून पार्किंगसाठी आणखी हातभर कापायचा प्रस्ताव कुणी आणला तर तो तिथेच पाडा.

विदारण आणि दरड यांची गल्लत मात्र करू नका. विदारण दगड जागच्या जागी सैल करतं, हलवत नाही. हलवतो तो उतार आणि पाणी. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी, तिन्ही जुलैच्या पावसातल्या. उतारावर साठलेला कुजका थर पावसानं जड आणि मऊ झाला की तो जागा सोडतो. तुमची भिंत त्या जातीची नाही, तुमचा धोका सुटून पडणाऱ्या दगडांचा आहे, मुंब्रा बायपासला पावसात असतो तसा. पण भिंतीच्या वरच्या उतारावर मुरुमाचा जाड थर असेल तर त्याच्याकडेही लक्ष हवं. माथ्यावर नवी भेग, वाकलेली झाडं, नेहमीचा झरा अचानक बंद पडणं किंवा स्वच्छ पाणी गढूळ येणं, यांतलं काहीही दिसलं तर त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा आणि मग महापालिकेला फोन करा. क्रम तोच ठेवा.

मुलीला सांगा, परीक्षेत वहीत आहे तेच लिही, गुण तिथे आहेत. फोडलेल्या गोट्याचे दोन अर्धे मात्र जपून ठेव, बाईंना दाखव.

मला फोटो पाठवायचे असतील तर भिंत कोरडी असताना काढू नका. जुलैत दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाला आणि मग उघडीप पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी काढा. सगळी भिंत सुकलेली असेल आणि काही ठिकाणं अजून पाझरत असतील. मला ती ठिकाणं हवी आहेत.